कविता वाचायची कशी? रसग्रहण लिहिण्यापूर्वीची तयारी

दहावी-बारावीच्या मराठीच्या पेपरात ‘पुढील ओळींचे रसग्रहण करा’ हा प्रश्न आला की बरेच विद्यार्थी समोर छापलेल्या ओळींकडे पाहतच नाहीत. ते गाईडमधला पाठ केलेला परिच्छेद आठवू लागतात. त्या परिच्छेदात बहुधा ‘कवीने साध्या, सोप्या आणि ओघवत्या भाषेत मनोहर चित्र रेखाटले आहे’ असे एखादे वाक्य असते. वाक्य चुकीचे नसते, पण ते पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही कवितेखाली खपून जाते आणि म्हणूनच ते त्या कवितेविषयी काहीच सांगत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवताना अशा उत्तरांचे गठ्ठे मी तपासले आहेत. कविता समजत नाही ही त्या मुलांची खरी अडचण क्वचितच असते. कवितेत प्रत्यक्ष काय घडते आहे हे पाहण्याआधीच ‘कवीला काय सांगायचे आहे’ या प्रश्नाकडे धाव घेण्याची सवय त्यांना लागलेली असते.

हा लेख ती सवय मोडण्यासाठी आहे. उदाहरणे मुद्दाम आपल्या खानदेशातली घेतली आहेत. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. अक्षरओळख नसलेल्या या बाईंनी घरात आणि शेतात काम करता करता रचलेली गाणी इतरांनी उतरवून घेतली आणि त्यांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली प्रसिद्ध झाला. बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०-१९१८), यांचा जन्म धरणगावचा. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. एकीच्या कवितेत जळगावकडची लेवा गणबोली आहे, तर दुसऱ्याच्या कवितेत संस्कृतकडे झुकणारी ग्रांथिक मराठी. दोघांना शेजारी ठेवले की वाचनाची पद्धत शिकायला सोपे जाते.

पहिले काम: मोठ्याने तीनदा वाचणे

हातात पेन घेऊ नये. पहिल्या वाचनात अडखळत का होईना शेवटपर्यंत जावे, दुसऱ्या वाचनात विरामचिन्हांपाशी थांबावे आणि तिसऱ्या वाचनात कान उघडे ठेवून कोणते शब्द, कोणते आवाज परत परत येतात ते ऐकावे. परीक्षागृहात मोठ्याने वाचता येत नाही हे खरे, पण वर्षभर मोठ्याने वाचणाऱ्याला तिथे मनातल्या मनातही लय ऐकू येते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गाणी म्हणणाऱ्या बायकांमध्ये बसलेल्या मुलीला हे वेगळे सांगावे लागत नाही. गाण्याची ओळ कुठे सुटते आणि कुठे परत येते हे तिला झोक्यानेच शिकवलेले असते.

दुसरे काम: शब्द त्याच्या घरी जाऊन पाहणे

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण बहुतेक चुका इथेच होतात आणि पुढे शेवटपर्यंत सोबत राहतात. बहिणाबाईंच्या मनाविषयीच्या कवितेचे पहिले कडवे घेऊ.

मन वढाय वढाय
उभ्या पिकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकांवर

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी वर्गात ‘वढाय म्हणजे चंचल’ असे सांगून पुढे जात असे. एकदा यावलकडच्या एका विद्यार्थ्याने हात वर केला आणि तो म्हणाला, “सर, वढाय ढोराले हाकलून काय व्हते? त्याले लोढनं बांधा लागते.” वर्ग हसला, पण मला माझी चूक कळली. खानदेशातल्या या बोलीत प्रमाण मराठीतल्या ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो: डोळ्याचा डोया होतो, आभाळाचे आभाय होते, मिळतेचे मियते होते. त्याच रीतीने ‘वढाय’ म्हणजे ‘ओढाळ’. ओढाळ हा शब्द गुराढोरांचा आहे. ज्या जनावराला दुसऱ्याच्या शेतातल्या हिरव्या पिकाची चटक लागली आहे, जे हाकलले तरी वळून त्याच शेतात शिरते, ते ओढाळ. आणि त्याला धावता येऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात, ते लोढणे.

आता चंचल आणि ओढाळ यांतला फरक पाहावा. चंचल मन कुठेही भरकटते, आज इथे तर उद्या तिथे. ओढाळ मन मात्र एकाच ठिकाणी परत परत येते, कारण तिथे त्याला चव लागलेली असते. भरकटण्याचे वर्णन याच कवितेत पुढे वेगळे आले आहे, ‘मन मोकाट मोकाट, त्याले ठायी ठायी वाटा’ असे. म्हणजे बहिणाबाईंनी ज्या दोन अवस्था वेगळ्या काढून दाखवल्या, त्या मी एका ‘चंचल’ शब्दात कालवून टाकत होतो. ‘उभ्या पिकातलं’ हा शब्दही तसाच सहज ओलांडला जातो. उभे पीक म्हणजे अजून कापणी न झालेले, ज्यावर वर्षाची सगळी भिस्त आहे असे पीक. कापणी झालेल्या रानात ढोर शिरले तर कोणी धावत जात नाही. उभ्या पिकात शिरले तर हातातले काम टाकून पळावे लागते. एवढे समजले की ‘किती हाकला हाकला’ या ओळीतला वैताग आणि दमणूक समजावून सांगावी लागत नाही.

त्या मुलाच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट निघाली, जी मला कुठल्याही टीपेत सापडली नव्हती. कडव्यात ढोर आहे, पीक आहे, हाकलणे आहे, पण लोढणे नाही. ओढाळ ढोरावरचा उपाय शेतकरी घरातल्या बाईला ठाऊक नसेल असे संभवत नाही, तरीही तो इथे येत नाही. मनाला आवर कसा घालावा याचा उपदेश न करता हे कडवे ‘फिरी येतं पिकांवर’ असे म्हणून थांबते. कवितेत काय नाही हे पाहणेसुद्धा वाचनाचाच भाग आहे, मात्र ते पाहायला आधी काय असू शकले असते हे माहीत असावे लागते.

म्हणून अडलेल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ आधी शब्दकोशात पाहावा आणि मग तो शब्द रोज वापरणाऱ्या माणसाला विचारावा. शेतातला शब्द आजोबांना विचारावा, चुलीजवळचा आजीला. धुळे-अमळनेरकडच्या अहिराणी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला बहिणाबाईंची बोली ओळखीची वाटते, पण ती हुबेहूब त्याची नसते. तो घरी ‘करस’, ‘पडस’ म्हणतो आणि इथे त्याला ‘शिकवते’, ‘मियते’ भेटते. हा फरक लक्षात ठेवावा आणि आपल्या बोलीतला अर्थ पडताळून न पाहता चिकटवू नये. दुसऱ्या बाजूने, आपली बोली ‘अशुद्ध’ आहे असे लहानपणापासून ऐकत आलेल्या मुलांना मी एवढेच सांगतो की ही कविता वाचताना पुण्याच्या विद्यार्थ्याला टीप लागते आणि तुम्हाला ती पुष्कळदा लागत नाही.

तिसरे काम: घटना साध्या गद्यात लिहून काढणे

वहीत दोन-तीन वाक्यांत फक्त घटना लिहावी: ‘एक ढोर उभ्या पिकात शिरते. कोणीतरी ते पुन्हा पुन्हा हाकलते. ते पुन्हा पुन्हा येते.’ मन, संयम, मोह, जीवन हे शब्द या टप्प्यावर वर्ज्य समजावेत. त्यानंतर स्वतःला विचारावे की बोलणारा कोण आहे आणि तो कोणाशी बोलतो आहे. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवीच, असे धरून चालू नये. कवी म्हातारीच्या, मुलाच्या, झाडाच्या तोंडूनही बोलू शकतो. वरच्या कडव्यात तर ‘मी’ नाहीच. ‘किती हाकला’ हे सगळ्यांना उद्देशून आहे, त्यामुळे हाकलणाऱ्यांत वाचकही सामील होतो.

चौथे काम: तुलना उलगडणे

अलंकाराचे नाव लिहिले की काम झाले असे विद्यार्थ्यांना वाटते. नाव ही सुरुवात असते. बहिणाबाईंच्याच दोन ओळी घेतल्या तर फरक स्पष्ट होतो. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’ यात ‘जसा’ हा शब्द संसार आणि तवा यांना शेजारी उभे करतो, दोन्ही वस्तू वेगळ्या राहतात. ही उपमा झाली. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ यात ‘जसे’ नाही. मन हेच ढोर आहे असे विधान आहे, म्हणून ते रूपक. पाठ्यपुस्तकातली व्याख्या इथे संपते, आणि खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो: या दोन वस्तूंत नेमके काय जुळते आणि काय जुळत नाही?

वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून डावीकडे ढोराच्या गोष्टी लिहाव्यात आणि उजवीकडे मनाच्या. ढोराला भूक असते. मनाला ओढ असते. ढोराला पीक कोणाचे हे कळत नाही. मनालाही आपले-परके कळत नाही. ढोर दुष्ट नसते, ते त्याच्या स्वभावाप्रमाणे वागते. म्हणजे मनालाही इथे दुष्ट ठरवलेले नाही. या शेवटच्या नोंदीपाशी थांबावे, कारण कवितेचा सूर तिथे सापडतो. संतवाङ्मयात मनाला दटावण्याची मोठी परंपरा आहे. बहिणाबाईंच्या या कडव्यात वैताग आहे, पण दटावणी नाही, आणि घरच्या ढोरावर वैतागणारा माणूस संध्याकाळी त्यालाच चारा टाकतो हे आपल्याला माहीत असते. रकाना भरताना एखादी जोडी जुळत नसेल तर ओढून-ताणून जुळवू नये.

पाचवे काम: मोजणे

छंद आणि वृत्त यांची मुलांना उगाच धास्ती असते. बोटांवर मोजता येते तेवढे तरी मोजावे. म न व ढा य व ढा य: आठ अक्षरे. उ भ्या पि का त लं ढो र: आठ. पुढच्या दोन ओळीही आठ-आठ अक्षरांच्याच भरतात. जोडाक्षर एकच धरायचे असते, म्हणून ‘चुल्ह्यावर’ हा शब्द चारच अक्षरांचा होतो. ही अष्टाक्षरी ओवीच्या कुळातली, जात्यावर दळताना तोंडात बसलेली. शिवाय पहिल्या आणि तिसऱ्या ओळीची घडण पाहावी: ‘मन वढाय वढाय’, ‘किती हाकला हाकला’. दोन अक्षरांचा शब्द, मग तीन अक्षरांचा शब्द दोनदा. ढोराचे येणे आणि माणसाचे हाकलणे एकाच मापात बसवलेले आहे, त्यामुळे ही झटापट बरोबरीची वाटते. ‘द्विरुक्तीमुळे नाद निर्माण झाला आहे’ एवढे लिहिण्यापेक्षा ती द्विरुक्ती काय करते हे एका वाक्यात लिहावे.

बालकवींच्या कवितेत अक्षरांऐवजी मात्रा मोजाव्या लागतात. ऱ्हस्व स्वराच्या अक्षराला एक मात्रा, दीर्घ स्वराच्या अक्षराला दोन. त्यांच्या ‘औदुंबर’ कवितेच्या पहिल्या ओळीतल्या ‘ऐल तटावर’ यात ऐ दोन, ल एक, त एक, टा दोन, व एक, र एक, मिळून आठ. ‘पैल तटावर’ याही आठ. पुढच्या ‘हिरवाळी घेउन’ यांच्या दहा. एरवी आपण ‘घेऊन’ लिहितो, कवीने ‘घेउन’ का लिहिले, याचे उत्तर या मोजणीतच मिळते. लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असणाऱ्या अक्षरगणवृत्तांसाठी ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र आहेच, ते व्याकरणाच्या पुस्तकातून पाठ करावे. मुक्तछंदातल्या कवितेत मोजण्यासारखे फारसे नसते. तिथे कवीने ओळ कुठे तोडली आणि तोडल्यामुळे कोणता शब्द एकटा पडला, ते पाहावे.

सहावे काम: कविता कुठून निघाली आणि कुठे पोहोचली

आतापर्यंत आपण एका कडव्यात होतो. पूर्ण कवितेचा प्रवास पाहण्यासाठी बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता उत्तम. ती पूर्ण शोधून समोर ठेवावी आणि नजर कुठून कुठे जाते याचा कागदावर चक्क नकाशा काढावा. आधी दोन्ही तटांवर हिरवाळी घेऊन वाहणारा निळासावळा झरा येतो. मग पलीकडच्या टेकडीकडे चार घरांचे चिमुकले गाव. त्याच्या पुढे शेतमळ्यांची हिरवी गर्दी. त्यातून अडवीतिडवी जाणारी पांढरी पायवाट. ती पायवाट काळ्या डोहाकडे चाललेली. आणि शेवटी डोहाच्या पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. शीर्षकात सुरुवातीलाच सांगितलेले झाड कवितेच्या अगदी शेवटच्या शब्दात येते.

नकाशा काढून झाला की रंग भरावेत. हिरवा, निळासावळा, पुन्हा हिरवा, पांढरा, पुन्हा हिरवा, काळा, आणि शेवटी ‘गोड काळिमा’. उजेडाकडून काळोखाकडे जाताना एकच पांढरी रेघ मध्ये आहे, ती पायवाटेची. काळिमा हा शब्द एरवी कलंकासाठी वापरतात. त्याला ‘गोड’ हे विशेषण का लावले असेल, हा प्रश्न वहीत लिहून ठेवावा, उत्तर लगेच सापडले नाही तरी चालेल. मग क्रियापदांकडे यावे. झरा वाहतो, पायवाट चालली आहे, झाड बसले आहे. गाव आहे, मळे आहेत, वाट आहे, पण माणूस एकही नाही. माणसाने करायच्या क्रिया वाट आणि झाड करत आहेत. याला चेतनगुणोक्ती म्हणतात, पण नाव लिहिण्याआधी निर्मनुष्य चित्रात चालणे आणि बसणे एवढ्या दोनच मानवी क्रिया उरल्या आहेत हे लक्षात यायला हवे. आणि शेवटच्या ओळीतला ‘असला’ हा शब्द? ‘अशा प्रकारचा’ असा त्याचा साधा अर्थ लावला तर कवी बोट दाखवून ‘हा बघा, असा’ म्हणतो आहे असे वाटते. कसा, ते मात्र तो सांगत नाही.

औदुंबर म्हणजे विरक्त योगी, औदुंबर म्हणजे मृत्यूच्या काठावरचा साक्षी, असे वेगवेगळे अर्थ लावता येतात. विद्यार्थ्याने त्यांपैकी कोणताही घ्यावा, मात्र कवितेतला कोणता शब्द आपल्याला तिकडे घेऊन गेला, ते दाखवावे. शब्द दाखवता आला नाही तर तो अर्थ सोडून द्यावा. विरक्तीचा अर्थ घेणाऱ्याला ‘बसला’ हे क्रियापद उपयोगी पडेल. मृत्यूचा अर्थ घेणाऱ्याला काळा डोह दाखवता येईल, पण ‘गोड’ या शब्दाचे काय करायचे, तेही त्याला सांगावे लागेल.

इथे चरित्राविषयी एक इशारा द्यायला हवा. बालकवींचा मृत्यू १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात झाला, तेव्हा ते अठ्ठाविशीचेही नव्हते. भादली आपल्या जवळची असल्याने ही हकिगत मुलांना ठाऊक असते आणि ‘काळा डोह म्हणजे कवीला लागलेली मृत्यूची चाहूल’ असे वाक्य दरवर्षी निदान चार-पाच उत्तरांत येते. कविता लिहिणाऱ्याला आपला पुढचा अपघात माहीत नव्हता. तो आपल्याला माहीत आहे. चरित्राचा उपयोग शब्द, परिसर, काळ समजून घेण्यासाठी करावा. कवितेतल्या शब्दांना जो अर्थ पेलत नाही, तो चरित्रातून आणून तिच्यावर लादू नये.

शेवटचे काम: लिहिणे

दहावीच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे अपेक्षित असतात. वरची तयारी झालेली असेल तर तिन्ही वहीत आधीच आहेत: दुसऱ्या आणि तिसऱ्या कामातून आशय निघतो, चौथ्यातून आणि सहाव्यातून काव्यसौंदर्य, आणि बोली, द्विरुक्ती, छंद यांतून भाषा. लिहिताना कवीचे नाव आणि कवितेचा विषय एका वाक्यात उरकावा, चरित्राला चार ओळी देऊ नयेत. वरच्या कडव्यावर साधारण असे लिहिता येईल:

‘बहिणाबाईंनी या कडव्यात मनाला उभ्या पिकातल्या ओढाळ ढोराचे रूप दिले आहे. ओढाळ ढोर एकदा चव लागलेल्या शेतातच परत येते; त्यामुळे इथे मनाच्या भटकण्यापेक्षा त्याचे एकाच ओढीकडे वळणे अधिक ठळक होते. पीक उभे असल्याने नुकसानीची भीती खरी आहे आणि ‘हाकला हाकला’ या द्विरुक्तीत हाकलणाऱ्याची दमछाक ऐकू येते. ‘जसे’सारखा तुलनेचा शब्द न वापरता केलेल्या या रूपकात मनाला दोष दिलेला नाही, आवरण्याचा उपायही सांगितलेला नाही. आठ अक्षरांच्या लहान चरणांमुळे आणि ‘वढाय’, ‘फिरी’ या बोलीतल्या शब्दांमुळे हे बोल शेताच्या बांधावरून सहज बोलल्यासारखे वाटतात.’

हा नमुना पाठ करू नये. पाठ केला तर त्याचेही गाईड होईल. त्याऐवजी आपले उत्तर लिहून झाल्यावर वरचे कवीचे आणि कवितेचे नाव हाताने झाकावे आणि एकेक वाक्य वाचावे. जे वाक्य ‘औदुंबर’खालीही चालेल आणि ‘मन वढाय’खालीही चालेल, त्यावर पेन्सिलीने काट मारावी, आणि मग उरलेल्या वाक्यांची संख्या मोजावी. पहिल्या खेपेला माझ्या विद्यार्थ्यांची दोन-तीनच उरतात.